तारेचं रिंगण

"ह्यातली एक काडी उचला, ताई. आता सांगा, कोण मुकं झालं?"

शेवगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ऑपरेटर होते. आमचा लाइनमन माझ्या टेबलावर आगपेटीतल्या काड्या मांडून रोज हेच विचारायचा. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात.

चार गावांचे फोन एकाच तारेवर होते. अलीकडे तार तुटली की पुढची सगळी गावं मुकी. "मग प्रत्येक गावाला वेगळी तार द्या," मी म्हणाले.

"लई तार लागंल. त्यापरीस शेवटच्या गावावरनं दुसऱ्या रस्त्यानं माघारी आणू. हिकडं तुटली तर तिकडनं बोला."

साहेबांनी थट्टा केली. त्याने मोडीतली तार मागून घेतली आणि दोन महिने खपून रिंगण पुरं केलं.

दुष्काळाचा उन्हाळा होता. एके दिवशी सकाळी अलीकडची लाइन मेली. मीच त्याला सांगितलं आणि तो सायकलवरून निघाला.

दुपारी माघारच्या तारेवरून चारांपैकीच एका गावाचे, त्याच्या सासुरवाडीचे पोस्टमास्तर ओरडले, "ताई, पाण्यावरून विहिरीवर माणसं कापतायत! बायकापोरं देवळात कोंडलीत, दार पेटवतायत!" मागून किंकाळ्या येत होत्या. मी पोलिसांना फोन जोडला. त्याला मात्र माघारी बोलावता येईना.

तो तेव्हा खांबावर होता, हे मला मागाहून कळलं. तार तुटली नव्हती, गावातून फोन जाऊ नये म्हणून कुऱ्हाडीने तोडली होती. खाली चौघं आले. पुढे त्याचाच मेव्हणा.

"दाजी, उतरा. तार तुटलेलीच ऱ्हाऊ द्या."

"न्हाई."

त्यांनी पाय धरून ओढलं. त्याने खांब सोडला नाही, म्हणून मेव्हण्याने मनगटावर कुऱ्हाड घातली.

पोलिसांच्या गाडीला तो रस्त्यातच सापडला, तुटका हात पट्ट्याने आवळून बसलेला. गावात दोन माणसं मेली. देवळातली सगळी वाचली.

दवाखान्यात फौजदारांनी विचारलं, "कुऱ्हाड कुणाची?" खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको उभी होती. तिने हात जोडले, फौजदारांना नव्हे, नवऱ्याला.

त्याने तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या मेव्हण्याची."

ती निघून गेली.

"ताई, तिला हाक मारा," तो म्हणाला. आता तो रडत होता.

मी स्टँडपर्यंत धावले. ती एसटीत बसली होती. मी खिडकीशी जाऊन हाक मारली. तिने पदर तोंडात कोंबला, पण वळून पाहिलं नाही.

गाडी गेली. मी परतले, तेव्हा तो माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या दाराकडे बघत होता.