काचेवरचे कपाळ

न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये बर्फ पडत नाही, म्हणून तिथल्या हिवाळ्याला मी गांभीर्याने घेतले नव्हते. थंडी घराच्या आतच मुक्काम करते, हे पुण्यात बसून अभ्यासलेल्या हवामानाच्या माहितीत कुठेही नव्हते. जूनमध्ये, तिथल्या भर हिवाळ्यात, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निघेपर्यंत काळोख झालेला असे, आणि लाकडी भिंतींच्या, एकेरी काचांच्या त्या भाड्याच्या घरात शिरल्यावर कोट काढण्याऐवजी मी त्याची उरलेली बटणे लावत असे.

उपाय म्हणून मी सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या. दारांच्या फटींत टॉवेल कोंबले. कपडे दिवाणखान्यात वाळत, कुकरची वाफ आतच फिरे. अशाच एका संध्याकाळी दिवा लावला, तेव्हा रस्त्याकडच्या काचेवर साचलेल्या बाष्पात, माझ्या डोक्याहून थोडा उंच, एक लंबगोल ठसा उमटलेला दिसला. त्याच्या खाली नाकाचा शेंडा.

मी मागे सरले. मग स्वतःला समजावले : काचेला तेल लागले असेल, तर तिथे बाष्प वेगळ्या प्रकारे साचते. उन्हाळ्यात न दिसलेला डाग थंडीत दिसू लागतो. स्पष्टीकरण अचूक होते. त्याने काहीही कमी झाले नाही, कारण ते तेल कोणाचे, हे मला ठाऊक होते.

बाबा जानेवारीत माझ्याकडे राहून गेले आणि मार्चमध्ये पुण्यात झोपेतच वारले. दिवेलागण झाल्याशिवाय जेवायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. जानेवारीत, इथल्या उन्हाळ्यात, रात्रीचे साडेआठ उलटले तरी लख्ख उजेड. सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानातून आणलेले खोबरेल डोक्याला चोपडून, कपाळ काचेला टेकवून ते अंधाराची वाट पाहत उभे राहत.

"बाबा, पोळ्या गार झाल्या. घड्याळाप्रमाणे संध्याकाळ केव्हाच होऊन गेली."

"घड्याळाला काय कळतंय? तिन्हीसांजा नकोत व्हायला?" आणि कपाळ न हलवता, "तुझ्या या देशात सूर्यालाही घरी परतायची घाई दिसत नाही. तुझ्यासारखंच."

आता अंधार लवकर येत होता आणि ते त्याच्यासोबत. मी ठशाकडे तोंड करून जेवू लागले. एकदा दोन ताटे काढली. एक परत ठेवले. हवा कोरडी असली, काच स्वच्छ राहिली, तर मी मुद्दाम पातेल्यात पाणी उकळत ठेवी. छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी चढली. मला खोकला लागला, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ती बुरशी मी प्रयोगशाळेत एका नजरेत ओळखली असती. घरात मी तिच्याकडे पाहत नव्हते.

रुग्णालयातली एक नाशिकची परिचारिका, जिला मी ताई म्हणते, सूप घेऊन आली. दारातच थबकली.

"अगं, हे घर आहे की कांद्याची वखार? एवढी शिकलीस, खिडकी उघडायला कोणी शिकवलं नाही?" बोलता बोलता तिने बाही ओढली आणि काच पुसायला हात नेला.

"पुसू नका!"

माझ्या आवाजाने आम्ही दोघीही दचकलो. तिने ठशाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कोण?"

"बाबा."

तिने हात खाली घेतला. ओढलेली बाही सारखी केली. मग तिच्या नेहमीच्या, रुग्णाला गोळी देतानाच्या आवाजात म्हणाली, "काच नको पुसूस. पण हवा खेळू दे. तुझी छाती अशी वाजताना ऐकली असती, तर त्यांनीच उघडली असती खिडकी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती खिडकी उघडली, काचेला बोट न लावता, फक्त चौकट धरून. पुढच्या काही दिवसांत घर कोरडे होत गेले. ठसा विरला. खोकला उतरला.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी दिवा लावला, तर काचेत फक्त मीच होते, मागे काळोख. मी टाचा उंचावून जवळ गेले आणि श्वास सोडला. श्वासाएवढ्या वर्तुळात कपाळाचा एक तुकडा उमटला, आणि मी पुन्हा श्वास घेईपर्यंत गेला. अजून एकदा करून पाहावेसे वाटले. पण दिवेलागण झाली होती; मी पोळ्या गार होण्याआधी जेवायला बसले. काचेकडे पाठ करून बसायला मात्र अजूनही जमत नाही.