साडूंचा समुद्र

जन्मात एकदाही समुद्र न पाहता चाळीस लिटर अरबी समुद्र कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून टाकणारा माणूस अख्ख्या परभणीत एकच झाला, आणि तो मी. पण हा मान माझा एकट्याचा नाही. पूर्णेसारख्या गावात, जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी दिवसभरात किनारा लागत नाही, तिथे रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत समुद्र पाळणारा माणूस नसता, तर माझ्या हातून हे घडलंच नसतं. तो माणूस म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी रेल्वेत गार्डाची. लाल आणि हिरवा असे दोनच रंग ओळखण्याचा पगार घेणारा हा गृहस्थ माशाच्या अंगावरच्या केशरी रंगाच्या सतरा छटा सांगायचा, आणि समोरच्याला त्यातल्या दोन तरी ओळखता आल्या नाहीत तर त्याच्या डोळ्यांची काळजी करायचा.

लोकांच्या घरी जिथे दिवाण असतो तिथे त्यांच्याकडे काचेची पेटी होती. ती त्यांनी गावातल्या देवादिकांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून करून घेतली होती, त्यामुळे तिला चारी बाजूंनी सोनेरी पट्टी होती. आत दगड, वर दोन ट्यूबलाइट, आणि दगडांवर दोन समुद्रफुलं. हे समुद्रफूल म्हणजे दिसायला फूल पण असतं जनावर. दुसरा कुठलाही मासा जवळ गेला की त्याला डंख मारतं, फक्त जोकर माशाला पाकळ्यांत घेऊन सांभाळतं. असे दोन जोकर मासे साडूंनी रेल्वेच्या पासावर रामेश्वरला जाऊन एका कोळ्याकडून आणले होते. दोन दिवसांचा प्रवास, दुधाच्या कॅनमध्ये मासे, आणि दर स्टेशनावर साडू त्या कॅनमध्ये नळीने फुंकर मारायलेत. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, हे आल्यागेल्याला एका वाक्यात सांगायची, "मी देवाला गेलते, हे कोळ्याला."

माशांना सतत हवा लागते, आणि पूर्णेत वीज सतत नसते. त्यावर साडूंचा उपाय म्हणजे सायकलचा पंप. पंपाला रबरी नळी, नळीचं टोक पाण्यात. वीज गेली की घरात जो असेल त्याने पंप मारायचा. साडूंच्या घरी पाहुण्याला आधी पाणी, मग चहा असा क्रम नव्हता. आधी पंप. "चहा उकळायलाय गुरुजी, तवर शंभर मारा," असं ते मला दर खेपेला म्हणायचे. पोस्टमन, इंजिनात कोळसा टाकणारे, वर्गणी मागायला आलेली पोरं, मोर्चाची पत्रकं वाटायला आलेली त्यांच्या विरुद्ध बाजूची पोरं, सगळ्यांनी त्या पेटीत हवा भरलेली होती. समुद्राचं पाणी मुंबईहून यायचं, ओळखीच्या गार्डांच्या डब्यातून, मनमाडला गाडी बदलत. प्रत्येक कॅन आला की साडू बोट बुडवून जिभेला लावायचे आणि आणणाऱ्याला तोंडावर सांगायचे, "हे नाल्याजवळून भरलंय. पुढच्या टायमाला जरा चालत जा."

माशाचं मूळ काय हा त्यांचा दुसरा ध्यास. मुंबईच्या एका शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात ते मला एकदा घेऊन जाणार होते, मी गेलो नाही, पण तिथली हकीकत मला पाठ आहे. साडू विचारत, "हा कुठला?" दुकानदार म्हणे, "आमच्याकडचाच." "तुमच्याकडचा म्हणजे, समुद्र कोणता?" "साहेब, घ्यायचा असेल तर घ्या." मी भूगोलाचा मास्तर, म्हणून मला नकाशाचं पुस्तक घेऊन बोलावणं यायचं. लक्षद्वीपकडचा कसा, अंदमानचा कसा, पट्टे दोन की तीन, शेंदरी की भगवा की पिकल्या पपईचा. आणि हे सगळं चाललं होतं त्याला कारण होतं. रामेश्वरहून आणले तेव्हा दोन्ही मासे एकसारखे केशरी होते. वर्षभरात त्यातला एक काळा पडला. पांढरे पट्टे तसेच, बाकी अंग आपल्या काळ्या रानासारखं. गावात मतं पडली. निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, काळा वेगळ्या जातीचा असणार, कोळ्यानं फसवलं. साडू ऐकून घेत आणि दरवेळी तेच सांगत, "एकाच कोळ्याचे, एकाच दिवशीचे. दोघं दोन फुलांत राहतात. ज्या फुलाच्या घरात वाढला त्याचा रंग लागला त्याला, दुसरं काय?" माशाचं मूळ शोधायला दोन-दोन दिवस प्रवास करणाऱ्या या माणसाने घरात आलेल्या माणसाला मात्र कधी आडनाव विचारलं नाही. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते, आणि आपल्याकडे तेव्हा आडनाव कळल्याशिवाय लोक पाणी विचारत नव्हते.

त्याच दिवसांतली गोष्ट. बंद पुकारला होता, आणि रुळांवर लोक बसल्यामुळे पूर्णेला जाणारी गाडी पहाटे परभणीलाच थांबली. डब्यातल्या गार्डाने साडूंचे पाण्याचे दोन कॅन स्टेशनाजवळच्या आमच्या घरी आणून दिले. बायकोने ते अंगणात ठेवून घेतले आणि ती शेजारच्या नळावरही पाणी भरायला गेली, कारण आठ दिवसांनी नळ आला होता. मी उठलो. नळ आलाय, घरातली भांडी भरलीत, आणि अंगणात दोन चांगले कॅन कसल्यातरी वास मारणाऱ्या पाण्याने अडलेत. काटकसर माझ्या रक्तात आहे. मी ते पाणी कढीपत्त्याला घातलं आणि कॅन नळाखाली लावले. बायको घागर घेऊन परत आली आणि दारातच थांबली.

"अंगणातलं पाणी कुठं गेलं?"

"झाडाला घातलं."

"ते दाजींचं व्हतं."

तेवढ्यात स्टेशनातला शिपाई साडूंचा निरोप घेऊन आला. आधीची खेप बुडाल्यामुळे पेटीतलं पाणी खराब झालंय, काळ्याचं फूल मिटून पडलंय. गुरुजींनी कसंही करून पाणी आज पोचवावं, नाहीतर फूल जातं, आणि त्याच्यामागे मासा.

खरं सांगून टाकावं एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. मला सुचलं पाठ्यपुस्तक. समुद्राच्या पाण्यात हजाराला पस्तीस भाग मीठ. चाळीस लिटरला चौदाशे ग्रॅम. मी लोणच्याचं खडेमीठ मागितलं. बायकोने तराजूही दिला, पण म्हणाली, "मीठ टाकून समुद्र व्हत असता तर आमटीत बी मासे पवले असते." मी तिच्याकडे दुर्लक्ष करून कॅन हलवले, लुनाला दोन्हीकडे बांधले आणि निघालो.

रस्ता इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. एस.टी. नाही, बैलगाडी नाही, फक्त लुनाचा आवाज आणि मागे डुचमळणारा माझा समुद्र. अर्ध्या वाटेवर एका फाट्याला दगड लावलेले होते, टायर जळत होता, आणि तोंडाला रुमाल बांधलेली दहा-बारा पोरं उभी होती.

"गाडी बंद कर. नाव काय?"

मी नाव सांगितलं.

"पुरं सांग."

मी आडनाव सांगितलं. ते त्यांच्या सोयीचं होतं की गैरसोयीचं, हे मला रुमालाच्या वरून कळेना. एकाने कॅनवर काठी वाजवली. "रॉकेल हाय ना ह्यात? कुणाचं घर पेटवायला निघालास?"

"पाणी आहे. पूर्णेला न्यायचंय."

"पूर्णेला नदी न्हाई का?"

"समुद्राचं पाणी आहे," मी म्हणालो, आणि म्हणताना मलाच ते खोटं वाटलं, कारण ते होतंच खोटं. त्याने टोपण काढून वास घेतला. मग म्हणाला, "पी."

मी ओंजळ भरून प्यायलो. लोणच्याच्या मिठाचा तो घोट घशाखाली उतरताना माझं तोंड जे झालं असेल, त्यावर दोघं हसले आणि बाकीचे हसले नाहीत. काठीवाला अजून पुढे आला. तेव्हा मागच्या एका थोराड पोराने रुमाल खाली ओढला.

"गार्डसायबाच्या माशाला चाललंय का?"

"हो."

"काळा बरा हाय का?"

"नाही. म्हणूनच."

त्याने पायाने एक दगड बाजूला सारला. "जाऊ द्या रे त्यांला. मी दोनशे पंप मारलेत तिथं." काठीवाला काहीतरी बोलायला लागला, "पण आडनाव तर..." "जाऊ दे म्हणलं ना," थोराड पोरगा म्हणाला, आणि मी लुना चालू केली.

पुढचा सगळा रस्ता मी त्या पोराचाच विचार करत होतो. त्याने मला सोडलं ते माशासाठी, आणि माझ्यामागे होतं ते नळाचं पाणी.

पूर्णेला पोचलो तर साडू दारात उभे. वीज गेलेली, अक्का पंप मारायलेली. काळ्याचं फूल खरंच विझलेल्या वातीसारखं झालं होतं आणि काळा त्याच्यावर आडवा होऊन तरंगत होता. "आलात गुरुजी. लय उपकार झाले," एवढं म्हणून साडूंनी एक कॅन उचलला. त्या दिवशी त्यांनी चव घेतली नाही. मला वाटलं, घाई असेल. त्यांनी कॅन पेटीच्या काठावर टेकवला, टोपण काढलं आणि तिरपा करायला घेतला. इतका सावकाश, की ओतायला एवढा वेळ का लागतोय हेच मला कळेना. त्यात ते पाण्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. मासा मेला असता तर बंदने मारला असं ठरलं असतं. पाणी कॅनच्या तोंडाशी आलं.

"थांबा," मी म्हणालो. "ते समुद्राचं नाही. मी केलंय."

साडूंनी कॅन खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. अक्काच्या हातातला पंप घेऊन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बसा. आता ह्याच्यावरच हाय."

बंद तीन दिवस चालला, आणि मी तीन दिवस तिथेच होतो. फूल दुसऱ्या दिवशी विरघळलं. काळा बेघर झाला. तो दुसऱ्या फुलाकडे जायचा आणि केशरी त्याला हाकलायचा, चावे घ्यायचा, शेपटीचा तुकडा पाडायचा. काळा कोपऱ्यात जाऊन पडायचा, पुन्हा जायचा. साडू काचेला कपाळ लावून बसलेले. "घे रे, घे आत," असं एकदा पुटपुटले, ते माशाला होतं की कुणाला, मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी केशरी थकला म्हणा किंवा त्याला कंटाळा आला म्हणा, त्याने काळ्याला फुलाच्या कडेला राहू दिलं. संध्याकाळी गाड्या सुरू झाल्या आणि खरं पाणी आलं. पुढच्या वर्षात काळा हळूहळू केशरी झाला. साडूंचं म्हणणं खरं ठरलं, गावाने ते मान्यही केलं, पण साडूंना त्यात काही गोडी वाटली नाही. "खरं ठरलं खरं," ते म्हणाले, "पण काळा दिसायला लय चांगला व्हता गुरुजी." फूल कसं गेलं हे कुणी विचारलं की ते म्हणायचे, बंदमुळे पाणी पोचलं नाही. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही.

साडू गेले, त्यांच्या तेराव्याहून परभणीला परतताना गाडीत मी बायकोला तो प्रसंग सांगत होतो. थोडा रंगवूनच, की बघ, अगदी शेवटच्या क्षणी मी कसा थांबा म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत होती.

"दाजींना ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तुमी लुनावर निघालात अन् मी ठेसनात गेले. तिथल्या बाबूला म्हणलं, पूर्णेला लावून द्या. दाजींना सांगितलं, यांनी पाणी सांडलंय, मिठाचं घेऊन यायलेत, पेटीत टाकू नका. दाजी म्हणले, बरं केलंस. पण तुझा फोन आल्ता हे त्यांला कळू देऊ नको. ते येऊन सांगतील."

गाडीने एक लहानसं स्टेशन मागे टाकलं. तिने पदराने डोळे पुसले.

"मी म्हणलं, दाजी, ते सांगायचे न्हाईत, मला ठाऊक हायेत ते. पण तुमी सांगितलंत. इतक्या वर्षांत तुमच्या बाबतीत माझा अंदाज चुकला तो तेवढा एकदाच."