खर्जाचं बटण

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मुलाच्या आधी मला कळली. ती पोटात ठेवून वावरताना माझ्या जिवाला जो घोर लागला, तो अख्ख्या लग्नाच्या गडबडीतही लागला नव्हता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो: मी, नवरा आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच गेल्या.

मामंजी गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम खडखडत असले की शेजारच्याचा आवाज ऐकू येणं शक्यच नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाज न करता बोलत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. ही सवय गिरणी सुटली तरी सुटली नाही. घरात मामंजी आणि सासूबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत असेच बोलायचे. मी चेंबूरच्या कारकुनी घरातली. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, ही दोघं माझ्याविषयीच काहीतरी कुजबुजतात. पंधरा दिवस मी आतल्या आत रडले. मग नवऱ्याने हसत हसत सगळं सांगितलं, आणि पुढे मीही ती भाषा शिकले. सासूबाई गेल्यावर मामंजींशी तसं बोलणारी घरात मीच उरले.

या सवयीनेच आमचा घात केला. ते आपल्या तोंडाकडे बघून बोलतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, टीव्हीसमोर नुसते बसून राहतात, हे सगळं आम्ही गिरणीच्या खाती टाकून मोकळे होत होतो.

एका रविवारी मामंजी खिडकीशी पाठमोरे बसून तांदूळ निवडत होते आणि माझ्या हातून स्टीलच्या ताटांची चळतच्या चळत फरशीवर पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून ओरडल्या. मामंजींनी मान वळवली नाही. तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. थोड्या वेळाने सहज वळले, तर खाली ताटं पसरलेली आणि मी दाराला टेकून उभी. त्यांनी माझा चेहरा वाचला. मग आवाज न करता म्हणाले, “त्याका सांगा नको.”

का, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या बिल्डिंगच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवायचे. मंडळात निम्मी माणसं त्यांच्यासारखीच गिरणीतून आलेली, कोकणातली. गिरणी गेल्यावर मामंजींचं स्वतःचं असं पखवाजाशिवाय काही उरलं नव्हतं. शनिवार आला की दुपारपासूनच कणीक मळून द्या म्हणून मागे लागायचे. पखवाजाच्या डाव्या पुडीला ती ओली कणीक लावल्याशिवाय खर्ज उतरत नाही. मुलाला कळलं की तो मंडळाला सांगणार, आणि ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांना पखवाजावरून उठवलं असतं. कानाला यंत्र लावू या असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, “त्यापरास कपाळार पाटी लावून फिरतंय.”

तोवर ते बुवांच्या ओठांवर वाजवत होते. बुवा म्हणजे मंडळाचे गाणारे, तिशीतले, उत्साही. ओठ दिसले की ओळ कळायची, ओळ कळली की कुठे उचलायचं आणि कुठे थांबायचं ते हातांना ठाऊकच होतं. पण त्या वर्षी मंडळाने माईक घेतला. बुवा तो अगदी ओठांना चिकटवून गायचे आणि मामंजींना तोंड दिसेनासं झालं. दोनदा ते चुकीच्या जागी थांबले. गणपतीत डबलबारी ठरली होती, समोर दुसरं मंडळ आणि सवाल-जवाब. बुवांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “वहिनी, काकांना या वेळी आराम देऊ का? दुसरा एक जण आहे तयार.” मी म्हटलं, थोडं थांबा, त्यांचा हात दुखतोय. थाप मारली आणि रात्रभर तळमळले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसली माझी गत.

मामंजींनी यावर तोड काढली ती अशी, की बुवांची तालीम टेपवर घ्यायची आणि घरी पाठ करायची. टेप घेतली. डेकपुढे पखवाज घेऊन बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. टेप चालू झाली आणि त्यांचे हात हवेतच राहिले. टेपला ओठ नसतात, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. तिथल्या डॉक्टरांना मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, खडखडाटात काम करणाऱ्यांचे आधी वरचे, बारीक आवाज जातात; जाड, खोल आवाज पुष्कळदा राहतात. मला एकदम आठवलं, ताटं पडली ती कळली नाहीत, पण वरच्या मजल्यावर कपाट सरकवलं की मामंजी छताकडे बघतात.

आणि नेमका त्याच सुमारास नवऱ्याच्या डोक्यात वूफर शिरला होता. डेक होता, दोन स्पीकर होते, आता फक्त खर्जाचं काम करणारं मोठं खोकं हवं होतं. रद्दीवाल्याकडून आणलेली इंग्रजी मासिकं उशाशी घेऊन हा माणूस झोपायचा. घाटकोपरला एक दुकानदार अशी खोकी स्वतः बांधून विकायचा. त्याच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एक साधं, पॅसिव्ह: त्यात नुसता स्पीकर, आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर चालायचं. दुसरं पॉवर्ड: त्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, स्वतःचा प्लग आणि खर्जाचं स्वतःचं बटण.

नवऱ्याचं साध्यावर ठरलेलं होतं. “दोन प्लग म्हणजे दोन भानगडी,” तो म्हणाला. “आपल्या बिल्डिंगचं अर्थिंग तुला माहितीये ना? नुसतं नावाला. हूं हूं आवाज करत बसेल दिवसभर. साधं एकदम झकास. एक बटण, एक आवाज.”

मला तर ते दुसरं बटणच हवं होतं. साध्या खोक्यात खर्ज वाढवायचा तर सगळंच वाढवावं लागणार, झांजा कर्कश होणार, शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहणार. वेगळं बटण असलं तर बाकीचं हळू ठेवून नुसता पखवाज मोठा करता आला असता. पण हे सांगायचं कसं? कारण सांगितलं की गुपित फुटलं.

“अहो, पण वेगळं बटण असलेलं बरं नाही का?” मी म्हटलं.

“कशाला?”

“मला खर्ज आवडतो.”

त्याने मासिक खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “तुला? कधीपासून गं?”

“पहिल्यापासून.”

“आपण जुहूला गेलो होतो तेव्हा बॅंडवाल्यांचा ढोल ऐकून तुझं डोकं उठलं होतं.”

“तो ढोल होता. खर्ज वेगळा.”

असे आम्ही आठवडाभर भांडलो. मी अर्थिंग करून घेऊ म्हटलं, तर तो म्हणाला पॉवर्डवाला तापतो. मी म्हटलं पंख्याखाली ठेवू. तो म्हणाला बिघडला तर सगळाच बिघडतो. तांत्रिक गोष्टींत त्याचं सगळं बरोबर होतं आणि मला ते कळतही होतं, म्हणून माझा आवाज उगाचच चढायचा. रात्री मी विचार करायचे: साधंच आलं तर? आणि पॉवर्ड येऊनही मामंजींना काहीच ऐकू आलं नाही तर? इतकं भांडून आणलेलं खोकं घरात उभं राहणार आणि मामंजी त्याच्याकडे रोज बघणार. 

शेवटी नवरा वैतागून म्हणाला, “बाबांना घेऊन जाऊ. भजनाची टेप लावू. ते सांगतील ते घ्यायचं. तालाचं त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.”

झालं, वाट लागली. मामंजींना मी आदल्या संध्याकाळी सगळं ओठांनी समजावलं. ते नुसते मान हलवत राहिले. घाबरलेत हे मला दिसत होतं. 

दुकान म्हणजे एक लांबट बोळ, तिन्ही बाजूंना काचेची कपाटं. दुकानदाराने आधी साध्या खोक्यावर टेप लावली. झांजा कानात शिरल्या. मामंजी सभ्यपणे हसत उभे. मग त्याने पॉवर्ड लावलं, बाकीचं कमी केलं आणि खर्जाचं बटण फिरवत नेलं. पायाखालची लादी थरथरली. मी मामंजींचा हात बघत होते. आधी काहीच नाही. मग त्यांची बोटं मांडीवर हलली. एकदा चुकली, थांबली, पुन्हा हलली आणि टेपवरच्या पखवाजाबरोबर पडू लागली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ओठ घट्ट मिटले.

दुकानदाराने टेप बंद केली. “बोलो काका, कौनसा?”

मामंजींनी दुकानदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणतं खोकं केव्हा वाजत होतं ते त्यांना कळलं नव्हतं. नवरा माझ्याकडे पाठ करून काउंटरशी उभा होता. मी आवाज न करता म्हणाले, “दुसरा.”

“दुसरा,” मामंजी म्हणाले.

नवरा हलला नाही. त्याच्या समोरच्या कपाटाच्या काचेत मी स्पष्ट दिसत होते आणि लहानपणापासून त्या भाषेत वाढलेल्या माणसाला एवढा एक शब्द वाचायला वेळ लागत नाही. तो हळूच वळला. खिशातून रुमाल काढून मिशी पुसतो आहे असं दाखवत त्याने तोंड झाकलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “बाबा, घरी बसने जायचं की टॅक्सीने?”

मामंजींनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, “बरो आसा. ह्योच घेवया.”

रुमाल धरलेला नवऱ्याचा हात तसाच राहिला. दुकानदार काही न कळून हसला. मला त्या क्षणी नवऱ्याची भीती वाटली, की तो ओरडेल, मला तिथेच जाब विचारेल. त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि पॉवर्ड खोकं बांधायला सांगितलं.

 टॅक्सीत त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. घरी आल्यावर त्याने खोकं मामंजींच्या शेजारी ठेवलं, प्लग लावला, दोनदा हात लावून शॉक बसत नाही ना ते पाहिलं. ते हूं हूं करत होतं, तो म्हणाला होता तसंच. मामंजींनी कणीक लावली आणि पखवाज मांडीवर घेतला. नवरा फरशीवर बसून खर्जाचं बटण जरा जरा फिरवत राहिला. प्रत्येक वेळी वर बघायचा, वडील मान हलवायचे, अजून. मग त्यांची थाप टेपवरच्या थापेत मिसळली. नवऱ्याने आणखी थोडं वाढवलं.

“आवाज कमी कर रे मेल्या,” मामंजी एकदम ओरडले, “खालची माणसां वर येतली!”

आवाज मोठा आहे असं त्यांनी म्हटल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. नवरा हसायला लागला आणि हसता हसता त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण खोक्याने अर्धंच काम केलं. दोन दिवसांत मामंजी म्हणाले, ताल कळतो, शब्द कळत नाहीत. आणि शब्द कळल्याशिवाय थांबायचं कुठे ते कळत नाही. “मी बुवांना सांगतो,” नवरा म्हणाला. मामंजींनी हात वर करून त्याला गप्प केलं.

शनिवारी सोसायटीच्या ऑफिसात तालीम होती. आम्ही दोघं उगाचच दाराशी जाऊन उभे राहिलो. बुवांनी माईक तोंडाला लावला. शेजारी तो तयार असलेला दुसरा पखवाजवालाही बसला होता.  मामंजींनी पखवाजावर हात ठेवले, पण वाजवलं नाही.

“बुवा,” ते मोठ्याने म्हणाले, नको तितक्या मोठ्याने, “माईक चार बोटां खाली घे. तुझे ओठ दिसनत नाय माका. माका ऐकाक येणा नाय.”

 बुवांनी माईककडे पाहिलं, मग मामंजींकडे, आणि दांडा सैल करून तो हनुवटीखाली उतरवला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या झांजवाल्या काकांनी झांजा मांडीवर ठेवल्या. तेही साळखात्यातलेच. मामंजींनी आपल्याकडे बघावं म्हणून त्यांनी हात हलवला आणि आवाज न करता म्हणाले, “माका पण नाय.”

मामंजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तसंच, ओठांनीच विचारलं, “कधीपासून?”

“तुझ्या आधीपासून,” ते म्हणाले.

बुवांना यातलं काहीच कळलं नाही. ते सूर लावून थांबले होते. मामंजींनी मान हलवली आणि पहिली थाप मारली.