अशोकांची सुईण

"लिवा भाऊसाहेब, आशोक."

कचेरीच्या उंबऱ्यात फतकल मारून बसली, की ती हेच म्हणायची. खर्ड्याजवळच्या त्या गावात मी नवा ग्रामसेवक, जन्म-मृत्यूची नोंदवही माझ्याकडे. ती गावाची सुईण, बौद्धवाड्यातली. मुलगी झाली, तर आईबाप ठरवतील ते नाव. मुलगा झाला, की अशोक.

पाचव्या अशोकाच्या वेळी मी तिला हात जोडले. "मावशी, गावातली बाकीची नावं संपली का?"

"हायेत की लई. पर मला ह्येच घरोघर वाटायचंय."

कारण मला शिपायानं सांगितलं. धर्मांतरानंतर झालेल्या आपल्या एकुलत्या मुलाचं नाव तिनं हौसेनं अशोक ठेवलं होतं. तलवार खाली ठेवणाऱ्या राजाचं नाव, सभेत ऐकलेलं. पण सरपंचाचा मुलगाही अशोक. ती पोराला शाळेत घालायला गेली, तेव्हा सरपंच तिथंच बसलेला. "आमच्या घरातलं नाव तुमच्यात कशाला?" म्हणाला, आणि मास्तरांकडून 'कचरू' लिहून घेतलं. दहाव्या वर्षी पोर तापानं गेलं. मृत्यूच्या नोंदीतही माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं कचरूच लिहिलं.

"माजा आशोक गेला," ती मला म्हणाली. "ह्यो कचरू कोन? म्या न्हाई त्याला जलम दिला. खोडा त्ये."

"सरपंचाच्या सहीशिवाय दुरुस्ती होत नाही, मावशी."

"मंग आनते त्याची सही. येळ लागंल."

तुम्हीही हट्टी माणसं पुष्कळ पाहिली असतील, पण हिचा हट्ट पाच-सहा वर्षं पाळणे हलवत बसला होता. सुईणीनं बारशाला पाळण्यापाशी मागितलेलं नाकारलं, तर पोर लाभत नाही, असा त्या भागातला समज. ती लुगडं-चोळी नाकारायची आणि नाव मागायची. बौद्धवाडा, मराठे, धनगर, कुणालाच सोडलं नाही.

पाटीलकीच्या तोऱ्यातल्या त्या नावाची तिनं पार रया घालवली. सरपंच ओट्यावर चहा प्यायला बसला, की गल्लीतून आवाज यायचा, "अशक्या, मुडद्या, शेंबूड पूस!" त्याच्या स्वतःच्या मुलाला लोक 'थोरला अशक्या' म्हणू लागले. ती समोरून जाताना चाल मुद्दाम हळू करायची. मला हे बघायला फार आवडायचं, उगाच कशाला लपवू?

दुष्काळाच्या वर्षी सरपंचाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दोन दिवस अडली. जामखेडला न्यायला गाडी मिळेना. निरोप येताच सुईण गेली, काही न मागता गेली, आणि बाळ-बाळंतीण दोघांना वाचवून आली. मला तिचा रागच आला. हातात सापडलेला माणूस असा सोडतात का?

"लेकराचा काय गुन्हा?" ती म्हणाली. "बाराव्या दिसापत्तूर थांबा की."

बाराव्या दिवशी तिनं सगळ्या बायकांदेखत मागणं सांगितलं. लुगडं नको, नातवाला नावही नको. सरपंचानं कचेरीत यावं.

तो आला. मी 'कचरू' खोडून 'अशोक' लिहिलं, त्यानं शेजारी सही केली. मग अचानक हात जोडले. "माझं चुकलं."

"मला तुमची माफी नगं," ती म्हणाली. "माज्या पोराचं नाव काय हुतं, त्येवढं सांगा."

"अशोक," तो पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं."

"अशोक."

"न्हाई आलं."

तिचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. मी मान खाली घालून हसू दाबलं, पण डोळ्यांना पाणी आलं ते दाबता येईना.

तिसऱ्यांदा सरपंच ओरडलाच. बाहेर गोट्या खेळणारी तीन पोरं धावत आली. "काय वो?" म्हणत तिघंही दारात उभी राहिली. त्यातल्या प्रत्येकाची नाळ तिनं कापलेली.

ती उठली, पोरांमधून वाट काढत निघून गेली. वळून पाहिलं नाही. पोरं सरपंचाच्या तोंडाकडे बघत तशीच उभी, आणि हाक कशाला मारली, ते त्याला सांगता येईना.