घरात कोणाला कॅन्सर? निल

“नाना, हा कागद इतकी वर्षं होता कुठे?” माझा आवाज चढला होता. चढू दिला.

नाना हातातल्या पिशवीची घडी घालत बसले. “ट्रंकमा व्हता, डॉक्टरसाहेब.”

कागद म्हणजे त्यांच्या वडिलांचा सुरतचा बायोप्सी रिपोर्ट. प्रोस्टेटचा कॅन्सर. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. समोर कॉटवर नानांचा धाकटा भाऊ रमेश होता. दोंडाईच्याचा, वय बावन्न. कंबर दुखते म्हणून आला आणि स्कॅनमध्ये कॅन्सर प्रोस्टेटमधून हाडांत पोचलेला दिसला. म्हणून मी घरातले जुने कागद मागवले होते.

दोन वर्षांपूर्वी हाच रमेश धुळ्याला माझ्या ओपीडीत आला होता. पीएसए, म्हणजे या ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, काठावर होती. घरात कोणाला कॅन्सर? “कोन्हलेच नही.” मी फॉर्मवर ‘निल’ लिहिलं आणि दोन वर्षांनी या म्हणालो. बापाला किंवा भावाला हा आजार असेल तर धोका वाढतो. वडिलांचं कळलं असतं तर तीन महिन्यांत परत बोलावलं असतं.

“रमेशला का नाही सांगितलं?”

“बहीननं लगन जुळी ऱ्हायंतं. बठ्ठासले कंबरनं दुखनं म्हनीच सांगं.” बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून वडिलांचा आजार सगळ्यांनाच कंबरदुखी म्हणून सांगितला होता.

“आणि तुमची स्वतःची तपासणी?”

नाना खाली बघत म्हणाले, “दर साल सुरतले करस.”

माझं डोकंच फिरलं. धोका ठाऊक होता, पण स्वतःपुरता! सख्ख्या भावाला एक वाक्य सांगवलं नाही. मी वाट्टेल ते बोललो. सिस्टर दार लावून गेल्या.

डिस्चार्जच्या दिवशी नाना पुन्हा टेबलाशी आले. “कार्डवर कंबरनं दुखनंच लिखा. याना आंडेरले दखाले पाव्हना येवाव शेतस.” रमेशच्या मुलीला बघायला स्थळाकडची माणसं येणार होती.

मी तोंड उघडण्याआधी रमेश म्हणाला, “खरं तेच लिखा, साहेब. मना दोन्ही पोरेसले कार्ड दखाडसू.”

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. रमेशचा आजार आता बरा होणार नाही, औषधांनी रोखून धरायचा. मुलांना चाळिशीपासून पीएसए करायला सांगितलंय.

‘फॅमिली हिस्ट्री’ असं मी आता विचारत नाही. वडील कशाने गेले, शेवटी कुठे दुखायचं, लघवीला नळी होती का, असं विचारतो. “म्हातारपनमा गयात” असं उत्तर आलं की पेन खाली ठेवून पुन्हा विचारतो.

तो ‘निल’ माझ्याच अक्षरातला आहे. नानांवर ओरडत होतो तेव्हा रमेशची ती दोन वर्षांपूर्वीची फाईल माझ्या हाताखाली होती, आणि मी ती उघडली नाही.