बापाची किळस

वडिलांच्या तेराव्याला पंगत बसली होती आणि मला लोकांच्या बोटांकडे बघवत नव्हतं. आमटीत भिजलेली बोटं चाटता चाटता पाहुणे माझं कौतुक करत होते. "असा पोरगा नशिबानं मिळतो. मिलटरीतनं आला आन चौदा म्हैनं बापाचं हागणं-मुतणं काढलं," एकजण म्हणाला आणि त्यानं पुन्हा भात मागितला. मी ताटावरून उठलो, गोठ्यामागं गेलो आणि भडाभडा ओकलो.

वीस वर्षं फौजेत काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो होतो. गाव विट्यापासून जवळच. मी घरी आलो त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेलेली. सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, अंगाला हात लावला की वडील डाव्या हातानं धोतर घट्ट धरून ठेवायचे, म्हणून सगळं मीच करू लागलो. फौजेत मी फाटलेली माणसं उचलली होती, तेव्हा पोटात कधी ढवळलं नाही. इथं रोज ढवळायचं. पाठीला जखमा झाल्या, त्यांना पू आला. तो वास माझ्या मिशीत बसायचा, आणि मी भाकरी तोडली की भाकरीतून यायचा.

चैत्रातल्या एका दुपारी मी त्यांना दुसऱ्यांदा स्वच्छ करत होतो. हात बरबटला, उमासा आला आणि तोंडातून निघून गेलं, "शीऽऽ! कवा सुटका हुणार हाय ह्यातनं!" वडिलांना बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळलं. तीन आठवड्यांनी ते गेले. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तेराव्यानंतर मला पिवळं आणि मऊ काही खाववेना. पिठलं, कढी, खिचडी समोर आली की ओकारीआधी सुटतं तसं जिभेखाली पाणी सुटायचं. मग भूकच मेली. पुढं अंघोळ गेली. बुटाला पॉलिश नाही म्हणून जवानांना उन्हात उभं करणारा मी, पंधरा दिवस तोच बनियन घालून खाटेवर पडून असायचो. अंगाला आंबूस वास मारायचा आणि तो मला बरोबर वाटायचा. आपली हीच लायकी, असं वाटायचं.

बायको रोज म्हणायची, "आवं, पाणी तापलंय." मी भिंतीकडं तोंड करायचो. भेटायला येणारे खुर्ची लांब ओढून बसायचे आणि म्हणायचे, "काय कमी हाय रं तुला? पेन्शन हाय, मळा हाय." कुणी म्हसवडला सिद्धनाथाच्या पाया पडून यायला सांगितलं. तिथंही गेलो. रांगेत फोडलेल्या नारळांचा वास आला आणि मी दर्शन न घेताच बाहेर पडलो.

शेवटी बायकोनंच विट्याच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, हे नैराश्य आहे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगलीला एका समुपदेशक बाईंकडं दर आठवड्याला जायला सांगितलं. बाई माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. खोलीत फिनेलचा वास. त्यांनी एक कागद पुढं केला. त्यावर रकाने होते: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. मला त्या कागदाचीही शिसारी आली. दुःखाचा फॉर्म भरायला मी काय तहसीलदार कचेरीत आलो होतो?

तिसऱ्या खेपेला चैत्रातली ती दुपार सांगितली. त्यांनी तोच कागद पुन्हा पुढं सरकवला. मग म्हणाल्या, "त्यावरून स्वतःबद्दल जे वाटतं, ते त्याच शब्दांत लिहा."

मी लिहिलं, 'ज्याला बापाची किळस येते तो माणूस नव्हे.'

"किती टक्के पटतं?"

"शंभर."

"चौदा महिन्यांत त्यांना साफ करायचं किती दिवस टाळलंत?"

"एकबी न्हाई."

"मग ते विरुद्ध बाजूला लिहा."

"बाप म्हंजे काय हजेरीपट हाय का?" माझा आवाज चढला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तो उजवा डोळा एरवीही गळायचा का? झटक्यानंतर कधीकधी त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, म्हणून विचारते."

मी उठलोच. माझ्या बापाच्या डोळ्यातलं पाणी ही पोरगी आजारावर ढकलते! कागदाचा बोळा करून सांगलीच्या स्टँडवर फेकला आणि दोन आठवडे गेलो नाही.

पण खाटेवर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यातून जाईना. तो डोळा खरंच गळायचा. रोज सकाळी मीच तो ओल्या फडक्यानं पुसायचो, पापण्यांना चिकटलेली घाण काढायचो. हे मला माहीत होतं, तरी त्या दुपारच्या हिशेबात मी ते धरलं नव्हतं.

परत गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "ते रडले नाहीत असं मी म्हणत नाही. आपल्याला कळायला मार्ग नाही, एवढंच म्हणते. तुम्ही मात्र निकाल लावून मोकळे झालात."

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. मनात असो-नसो, सकाळी सहाला अंघोळ. रोज पिठल्याचा एक घास, ओकारी आली तरी. आणि ज्यांनी आजारी माणसाचं केलं आहे अशा दोघांना विचारायचं, की तुम्हाला किळस यायची का?

पहिली अंघोळ मी चिडूनच केली. साबणाच्या फेसाचा रंग बघून स्वतःचीच लाज वाटली. पिठल्याचा घास तीन दिवस थुंकला, चौथ्या दिवशी गिळला. त्यात आनंद वगैरे काही नव्हता. पोटात गेला, एवढंच.

चुलतीनं तिच्या सासूचं चार वर्षं केलं होतं. तिला विचारलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "न यायला काय झालं? नाकाला पदर बांधून काढायची. कवा कवा शिव्याबी दिल्या म्हातारीला. मानूस हाय का देव मी?"

दुसरं माणूस म्हणून बायकोला विचारायचं ठरवलं. तिनंही वडिलांच्या चादरी धुतल्या होत्या. पण प्रश्न विचारायच्या आधीच माझ्या तोंडून ती दुपार बाहेर पडली. ती पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

"ठावं हाय मला. धुतलेली चादर घिऊन मी दारातच हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमी भाईर जाऊन ओकलासा, चूळ भरलीसा आन परत आत आलासा. मामंजींची पाठ पुसली, पावडर लावलीसा. मग मांडीवर डोकं घिऊन चमच्यानं च्या पाजलासा. निम्मा कप पिले त्ये त्या दिवशी. त्ये कसं इसरलासा?"

खरंच विसरलो होतो. 'शी' लक्षात राहिली होती आणि त्यापुढची अर्धी दुपार कुणी खरवडून काढावी तशी गेली होती. मी चुलीशेजारी बसून हमसून रडलो. बायको पिठानं भरलेल्या हातांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाईंनी ते दोन्ही रकान्यांत लिहायला लावलं. 'शी' म्हणालो, हे त्या विचाराच्या बाजूला. परत आत गेलो, हे विरुद्ध. कुठलंच खोडायचं नाही, म्हणाल्या. पाच-सहा महिने मी असे कागद भरत राहिलो. गोळ्याही डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत. आता रोज मळ्यात जातो, सगळ्यांबरोबर जेवतो. कढी अजून खाववत नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी विचारलं, "ते वाक्य आता किती टक्के पटतं?"

"तीस."

"आणखी कमी व्हावं असं वाटतं?"

मी कागदाची घडी घातली. म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तेवढं सोसतं मला."