तिसऱ्या ओळीतली चूक

वडिलांनी लहानपणीच बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही घरात बोललं की पाठीत धपाटा बसायचा. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहितो.

लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तो उन्हाळा. मी उमरीला पाटबंधारे खात्यात. कालव्यात सोडायला थेंब नाही, त्यामुळे ऑफिसात दिवसभर जिल्हा फुटून नवा होणार, याच्याच गप्पा. माझी मुलगी सुजाता लातूरला होस्टेलवर, मेडिकलच्या क्लासला. जाताना तिची गिटार मीच काढून घेतली होती — "आधी नंबर लागू दे, मग वाजव." तिने गिटार पुसून माझ्या हातात दिली. ते मला फार लागलं.

मग ठरवलं, परीक्षा झाली की तिचं आवडतं जुनं इंग्रजी गाणं आपणच वाजवून दाखवायचं. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन मोबाईलवर बघत शिकायचो. पन्नाशीची बोटं, सोलून निघाली! तिसऱ्या ओळीत एका बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड होती. तिथे हमखास चुकायचो.

एका मंगळवारी, अडीचच्या सुमारास, तसाच चुकलो. थांबायला गेलो... तर हात थांबेना. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तीच चूक, पुन्हा पहिल्यापासून. बोटातून रक्त आलं. गिटार खाली ठेवायची होती, पण हात माझं ऐकतच नव्हता. मी भ्यालो, साफ सांगतो. तीन वाजून गेल्यावर हात एकदम मोकळा झाला.

तेवढ्यात फोन वाजला. सुजाता. रडत होती.

"पप्पा, मला घेऊन जा. मला न्हाई जमत हे."

"काय झालं बाळा? कुठं हायस?"

"गच्चीवर... टाकीपाशी. टाकी रिकामी हाय पप्पा, पण आत कुणीतरी गिटार वाजवून राहिलं होतं. माझंच गाणं. तिसऱ्या ओळीत दर वेळी चुकत होतं. मी कठड्यावर चढले होते... पण इतकं चुकत होतं की शेवटी उतरले, कोण हाय बघायला. झाकण उघडलं, तर आत कुणीच न्हाई."

"खाली बस. हलू नको," एवढंच म्हणालो. वॉर्डनबाईंना फोन करून तिच्याजवळ बसवलं आणि मिळेल त्या गाडीने निघालो. चार तासांचा रस्ता. कसा गेला, माझं मला माहीत.

सुजाता आता नांदेडला बी.ए. करते. मजेत आहे. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हाताला पेटका आला असेल, बाकी योगायोग. असेलही.

मात्र एक विचार आला की अजून झोप उडते. त्या दुपारी मला ती कॉर्ड जमली असती, तर?